इसेन्समधला मद्यार्काचा अंश : हलाल-हरामचा निर्णय करण्यापूर्वी काय तपासावे

केकसाठी आणलेल्या व्हॅनिलाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘अल्कोहोल’ लिहिलेले दिसले की पुष्कळ मुस्लिम घरांत प्रश्न उभा राहतो : हे वापरावे की टाकून द्यावे? कोणी म्हणते, एक थेंब असला तरी हराम. कोणी म्हणते, भट्टीत सगळे उडून जाते, काळजी नको. ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिल्यात हदीसचा, म्हणजे प्रेषितांच्या वचनाचा, अर्थ अर्धवट घेतलेला असतो आणि दुसऱ्यात पदार्थविज्ञान चुकलेले असते. मुफ्तींकडे, म्हणजे धार्मिक निर्णय देणाऱ्या विद्वानांकडे, गेल्यावरही कधी कधी परस्परविरोधी उत्तरे मिळतात. त्याचे एक मोठे कारण असे की बाटलीत नेमके काय आहे, ते कशापासून बनले आहे आणि तयार पदार्थात किती उरते, हे विचारणाऱ्याने सांगितलेलेच नसते. फतवा देणे हे मुफ्तींचे काम आहे. त्यांच्यासमोर प्रश्न पूर्ण मांडता यावा आणि मिळालेले उत्तर नीट समजावे, यासाठी कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने तपासाव्यात, एवढेच येथे मांडले आहे.

मूळ वचने आणि त्यांचा रोख

कुरआनच्या सूरह अल-माइदातील ९०व्या आयतीत खमर, म्हणजे मादक पेय, हे सैतानी कृत्यांपैकी एक घाणेरडी गोष्ट असल्याचे सांगून त्यापासून दूर राहण्याची आज्ञा दिली आहे. सहीह मुस्लिममधील हदीस सांगते की प्रत्येक मादक वस्तू खमर आहे आणि प्रत्येक खमर हराम आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आलेली हदीस या चर्चेत सर्वांत जास्त वेळा सांगितली जाते : ज्याचे जास्त प्रमाण नशा आणते, त्याचे थोडे प्रमाणही हराम आहे.

या तिसऱ्या हदीसमध्ये ‘ज्याचे’ म्हणजे कशाचे, हे आधी पाहावे. समोर दारूचा पेला असेल, तर त्यातला एक घोट नशा आणणार नाही हे खरे असले तरी पूर्ण पेला आणेल, म्हणून तो एक घोटही हराम. समोर सरबताचा पेला असेल आणि त्यातील इसेन्समुळे मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के असेल, तर प्रश्न त्या सरबताला विचारायचा : हे कितीही प्यायले तर नशा येईल का? ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १२.८ मिलिलिटर मद्यार्क असतो. तेवढा या सरबतातून मिळवायचा तर एका बैठकीत पंचवीस लिटरहून अधिक सरबत प्यावे लागेल, आणि ते कोणाच्याही शरीराला शक्य नाही. आजच्या अनेक आलिमांनी, म्हणजे धर्मविद्वानांनी, ही हदीस अशीच वाचली आहे आणि मलाही हे वाचन वचनाच्या शब्दांशी प्रामाणिक वाटते. स्वतः प्रेषित मुहंमद (स.) यांच्यासाठी खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून नबीज केले जाई आणि ते तीन दिवसांपर्यंत प्यायले जाई, त्यानंतर उरलेले ओतून दिले जाई, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. अशा पाण्यात आंबण्याची क्रिया अगदी मंद का होईना सुरू होतेच. मर्यादा घातली गेली ती नशेच्या शक्यतेपाशी.

इथेच विषय संपला असता, पण दुसरा एक प्रश्न उरतो आणि तो अनेक जण विसरतात. मद्यार्क नजिस, म्हणजे अपवित्र, आहे का? तो नजिस मानला तर नशा येवो वा न येवो, तो ज्या पदार्थात पडेल तो पदार्थही बिघडेल. फिकहच्या, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या, पंथांत (मजहबांत) खरा फरक या दुसऱ्या प्रश्नावर पडतो.

आपला मजहब कोणता, हे ठरवून घ्या

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. रत्नागिरी, रायगड आणि मुंबईतील कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत, तर देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात हनफींची संख्या मोठी आहे. एकाच सोसायटीत, कधी लग्नसंबंधामुळे एकाच घरात, दोन्ही मजहबांची माणसे असतात आणि एकाच बाटलीबद्दल दोन उत्तरे घेऊन बसतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

हनफी फिकहमध्ये इमाम अबू हनीफा आणि इमाम अबू यूसुफ यांच्या मते अत्यंत कडक नियम द्राक्षे आणि खजूर यांपासून बनलेल्या मादक पेयांना लागू होतात. त्यांचा एक थेंबही चालत नाही आणि ती नजिस आहेत. धान्य, मध यांसारख्या इतर वस्तूंपासून बनलेल्या मद्याचा हुकूम त्यांनी वेगळा ठरवला : नशा आणणारे प्रमाण हराम, चैनीसाठी पिणे हराम, पण तो पदार्थ स्वतः नजिस नाही. इमाम मुहंमद यांनी मात्र सर्वच मादक पेयांना एकच नियम लावला. लोकांमध्ये दारूचे व्यसन पसरू नये म्हणून पुढच्या काळातील हनफी आलिमांनी पिण्याच्या बाबतीत इमाम मुहंमद यांच्या मतावर फतवा दिला. औषधे, अत्तरे आणि इसेन्स यांचा प्रश्न आला तेव्हा आजच्या अनेक हनफी मुफ्तींनी पहिल्या दोन इमामांच्या मताचा आधार घेतला. पाकिस्तानातील मुफ्ती तकी उस्मानी यांचे लेखन या बाबतीत वारंवार पुढे केले जाते. त्यांनी दाखवून दिले की आज वापरात असलेला मद्यार्क बहुतांशी द्राक्षे-खजुरांपासून बनत नाही आणि त्याचा वापर इतका सर्वत्र झाला आहे की त्यापासून सुटका कठीण आहे. फिकहच्या भाषेत याला उमूमे बलवा म्हणतात. काही हनफी मुफ्ती तरीही टाळण्याचाच सल्ला देतात. तो सल्ला तक्व्याचा, म्हणजे सावधगिरीचा, आहे. हरामचा निवाडा म्हणून तो पुढे सांगत सुटू नये.

शाफई, मालिकी आणि हंबली मजहबांत प्रत्येक मादक पेय, मग ते कशापासूनही बनलेले असो, खमरच आहे आणि बहुसंख्य जुन्या इमामांच्या मते ते नजिसही आहे. त्यामुळे कोकणातल्या शाफई वाचकाला ‘हा मद्यार्क उसाच्या मळीचा आहे’ एवढ्याने समाधान मिळत नाही. त्याच्यासाठी मलेशिया आणि इंडोनेशिया या शाफईबहुल देशांतील निर्णय अधिक उपयोगी आहेत. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने जुलै २०११ मध्ये सविस्तर ठराव केला. त्याचा गाभा असा : प्रत्येक खमरमध्ये मद्यार्क असतो, पण प्रत्येक मद्यार्क खमर नसतो. खमर बनवण्याच्या प्रक्रियेतून आलेला मद्यार्क हराम आणि नजिस. इतर मार्गाने आलेला मद्यार्क नजिस नाही, मात्र तो नुसता पिणे हराम, कारण तो विषारी आणि मादक आहे. इसेन्स किंवा खाद्यरंग स्थिर राहावा म्हणून वापरलेला मद्यार्क खमरच्या प्रक्रियेतला नसेल, तयार पदार्थ नशा आणणारा नसेल आणि त्यातील प्रमाण ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर तो पदार्थ चालतो. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेचा २०१८ चा १० क्रमांकाचा फतवाही याच दिशेचा आहे : दारू उद्योगाबाहेरून आलेला इथेनॉल खाद्यपदार्थात आरोग्यास अपाय न होईल अशा रीतीने चालतो आणि पेयात वापरल्यास तयार पेयातील प्रमाण ०.५ टक्क्यांखाली असले पाहिजे.

शिया वाचकांसाठी : मुंबईतील खोजा इस्ना अशरी समाजात आयतुल्लाह सिस्तानी यांचे अनुयायी बरेच आहेत. त्यांच्या मते इसेन्समध्ये वापरला जाणारा असा मद्यार्क पाक, म्हणजे पवित्र, आहे आणि पदार्थात त्याचे प्रमाण अत्यल्प, उदाहरणार्थ २ टक्के, असेल तर तो खाता येतो. दाऊदी बोहरा समाजाने आपल्या जमातीच्या आमिलांकडे, म्हणजे स्थानिक धर्मप्रमुखांकडे, विचारणा करावी, कारण त्यांची फिकह स्वतंत्र आहे.

पहिली पायरी : मद्यार्क तेथे कशासाठी आहे?

सर्वप्रथम दारू स्वतःच घटक आहे का, ते पाहा. रम केक, मद्य भरलेली चॉकलेटे, वाइन घातलेले सॉस, काही पद्धतींनी केलेला तिरामिसू यांत दारू चवीसाठी मुद्दाम घातलेली असते. नाताळात मुंबई-गोव्यातील बेकऱ्यांत मिळणाऱ्या प्लम केकमध्ये सुकामेवा कित्येक आठवडे रममध्ये भिजवण्याची जुनी पद्धत आहे, म्हणून तो घेताना विचारून घ्यावे. बरेच बेकरीवाले संत्र्याच्या रसात भिजवलेल्या मेव्याचा केकही करतात. जेथे दारूच घातली आहे, तेथे टक्केवारी मोजण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा प्रकार द्रावकाचा, म्हणजे स्वादद्रव्य विरघळवणाऱ्या द्रवाचा. व्हॅनिलाच्या शेंगांतील किंवा संत्र्याच्या सालीतील सुगंधी द्रव्ये पाण्यात नीट विरघळत नाहीत, मद्यार्कात विरघळतात. अमेरिकेत तर ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ या नावाने विकायच्या अर्कात किमान ३५ टक्के मद्यार्क असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेली बाटली बहुधा या प्रकारची असते. आपल्या बाजारात मिळणारे स्वस्त व्हॅनिला इसेन्स बहुतांशी कृत्रिम व्हॅनिलीनचे असते आणि त्याचा द्रावक अनेकदा प्रोपिलीन ग्लायकॉल हा असतो, ज्याचा मादकतेशी संबंध नाही.

तिसरा प्रकार नैसर्गिक अंशाचा. जर्मनीत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात द्राक्षरसात लिटरमागे ०.८६ ग्रॅमपर्यंत इथेनॉल आढळले आणि काही पॅकबंद गोड पावांत १०० ग्रॅममागे १.२ ग्रॅमहून अधिक. यीस्टने फुगवलेल्या पावाला कोणत्याही मजहबाने हराम म्हटलेले नाही. जो पाव निर्धास्त खातो, त्याने चमचाभर इसेन्सच्या आकड्याने घाबरून जाण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

आणि काही वेळा नुसते नाव फसवते. साखरविरहित गोळ्यांतील सॉर्बिटॉल (आयएनएस, म्हणजे खाद्य मिश्रकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ४२०), माल्टिटॉल (९६५) आणि झायलिटॉल (९६७) यांना रसायनशास्त्रात ‘शुगर अल्कोहोल’ म्हणतात. त्यांनी नशा येत नाही. या चर्चेतून ते बाहेर ठेवावेत.

दुसरी पायरी : लेबल वाचणे, आणि त्याची मर्यादा ओळखणे

भारतातील लेबलांवर ‘नैसर्गिक’, ‘नैसर्गिकसदृश’ किंवा ‘कृत्रिम’ स्वादद्रव्य असा उल्लेख असतो. बिस्किटाच्या किंवा आइस्क्रीमच्या पाकिटावर त्या स्वादद्रव्याचा द्रावक कोणता हे बहुधा कळत नाही. म्हणजे लेबलावर अल्कोहोल लिहिलेले नाही, यावरून अल्कोहोल नाही असे ठरत नाही. इसेन्सची बाटली स्वतंत्र घेतली असेल तर मात्र घटकांच्या यादीत शोधता येते : प्रोपिलीन ग्लायकॉल (आयएनएस १५२०), ग्लिसरॉल (४२२) किंवा ट्रायअसेटिन (१५१८) दिसल्यास द्रावक ते असण्याची शक्यता मोठी, ‘इथाइल अल्कोहोल’, ‘इथेनॉल’ किंवा नुसते ‘अल्कोहोल’ दिसल्यास पुढच्या पायऱ्यांकडे वळावे. ग्लिसरॉलच्या बाबतीत वेगळा प्रश्न येतो, तो वनस्पतिजन्य की प्राणिजन्य, आणि तोही कंपनीला लिहायच्या पत्रात विचारून घ्यावा.

हलाल प्रमाणपत्राचे चिन्ह असेल तर ते कोणत्या संस्थेचे आहे ते पाहावे, कारण संस्थेनुसार मर्यादा वेगळी असू शकते. चिन्ह असलेल्या पदार्थासाठी स्वतः वेगळी चौकशी करणे सामान्य ग्राहकावर बंधनकारक नाही, असे मला वाटते.

तिसरी पायरी : कंपनीला काय विचारावे

‘तुमचे उत्पादन हलाल आहे का?’ असा प्रश्न पाठवला की ‘आमचे उत्पादन शाकाहारी आहे’ असे उत्तर येते. हिरव्या ठिपक्याचा आणि मद्यार्काचा काही संबंध नाही. त्याऐवजी चार गोष्टी नेमक्या विचाराव्यात : स्वादद्रव्याचा द्रावक कोणता, तो इथेनॉल असल्यास कशापासून बनवलेला, तयार पदार्थात अखेरीस किती टक्के उरतो, आणि हे प्रमाण आकारमानाने सांगितले आहे की वजनाने. शेवटचा मुद्दा क्षुल्लक नाही. इथेनॉल पाण्यापेक्षा हलका आहे, त्यामुळे आकारमानाने ०.५ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ०.३९ ग्रॅम होतात, आणि प्रयोगशाळेचा अहवाल ग्रॅममध्ये असेल तर तुलना चुकते.

स्रोताच्या प्रश्नावर थोडे थांबले पाहिजे. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मद्यार्क मुख्यतः उसाची मळी किंवा रस यांपासून, आणि काही ठिकाणी धान्यापासून बनतो. नाशिक भागातील द्राक्षांची वाइन हा वेगळा उद्योग आहे. हनफी दृष्टीने मळीचा मद्यार्क द्राक्षे-खजुरांच्या कक्षेबाहेर जातो. युरोपातील वाइन बनवणाऱ्या देशांत मात्र द्राक्षांपासूनही मद्यार्क काढला जातो, म्हणून तेथून आलेल्या अर्काबाबत हनफी वाचकानेही स्रोत विचारलाच पाहिजे.

शाफई वाचकाची अडचण निराळी आहे. मलेशिया आणि इंडोनेशियाचे निर्णय ‘खमर उद्योगातला नसलेला’ मद्यार्क अशी अट घालतात. आपल्याकडील आसवनीतून निघणारा शुद्ध मद्यार्क, ज्याला व्यापारात एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल म्हणतात, देशी-विदेशी दारूच्या कारखान्यांनाही जातो आणि औषध, सुगंध व स्वादद्रव्यांच्या कारखान्यांनाही. मग तो खमर उद्योगातला समजावा का? मला यात फरक दिसतो तो असा : हा मद्यार्क शुद्ध रसायन म्हणून, पिण्यायोग्य पेय बनण्यापूर्वीच, स्वादद्रव्यासाठी वेगळा विकला जात असेल तर त्याची वाट आणि दारूची वाट तेथेच वेगळी होते, याउलट तयार रम किंवा ब्रँडी घेऊन तिच्यापासून अर्क काढला असेल तर ती दारूच आहे. तरीही हा मुद्दा आपल्या मुफ्तींसमोर याच शब्दांत मांडावा आणि निर्णय त्यांच्याकडून घ्यावा.

चौथी पायरी : स्वतः हिशेब करणे

हिशेब सोपा आहे. वापरलेल्या इसेन्सचे मिलिलिटर गुणिले त्यातील मद्यार्काचे प्रमाण, भागिले तयार पदार्थाचे एकूण मिलिलिटर. ३५ टक्क्यांचा व्हॅनिला अर्क एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर घेतला तर त्यात १.७५ मिलिलिटर मद्यार्क आला. तो एक लिटर दुधाच्या कस्टर्डमध्ये थंड झाल्यावर घातला तर प्रमाण जवळपास ०.१७ टक्के होते. तोच एक किलोच्या केकमध्ये घातला तर भाजण्यापूर्वी साधारण तेवढेच.

भाजल्यावर सगळा उडून जातो, ही समजूत सोडून द्यावी. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो हे खरे, पण पाणी, साखर आणि पिठात मिसळलेला मद्यार्क हळूहळू जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मिश्रणात ढवळून १५ मिनिटे शिजवल्यास किंवा भाजल्यास सुमारे ४० टक्के मद्यार्क शिल्लक राहतो, अर्ध्या तासाने ३५ टक्के, एका तासाने २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के. वरच्या केकमध्ये अर्ध्या तासाने उरणारे प्रमाण त्यामुळे ०.०६ टक्क्यांच्या आसपास येते, जे ०.५ च्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. हेच गणित वाइनमध्ये शिजवलेल्या मांसाला लावून ‘उडून गेली’ म्हणणे मात्र दोन्ही बाजूंनी चुकते : दारू मुद्दाम घातली होती, आणि ती पूर्ण उडालेलीही नसते.

लोणी-साखरेचे आयसिंग, फेटलेले क्रीम आणि सरबते यांत भाजणे नसते, म्हणून तेथे हिशेब अधिक काळजीने करावा. भरपूर इसेन्स ओतण्याची सवय असलेल्या घरगुती केकवाल्यांनी २०० ग्रॅम आयसिंगमध्ये एक चमचा अर्क घातला, तर प्रमाण ०.८ टक्क्यांच्या पुढे जाते आणि मलेशियाची मर्यादा ओलांडली जाते.

पाचवी पायरी : पर्याय

येथे एक सूचना निक्षून द्यावीशी वाटते. व्हॅनिलाच्या शेंगा व्होडकात किंवा रममध्ये आठवडेच्या आठवडे बुडवून घरी अर्क करण्याच्या कृती सर्वत्र फिरतात. त्या मुस्लिम घरासाठी नाहीत, अंतिम प्रमाण कितीही कमी येवो. दारू विकणारा, विकत घेणारा, वाहून नेणारा अशा सर्वांचा निषेध करणारी हदीस तिर्मिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. तेथे प्रश्न खरेदीचाच आहे.

त्याऐवजी शेंग उभी चिरून साखरेच्या बरणीत पुरून ठेवावी. काही दिवसांनी साखरेला सुगंध येतो आणि तीच खीर, केक, कस्टर्ड यांत वापरता येते. कर्नाटक आणि केरळात पिकणाऱ्या व्हॅनिलाच्या शेंगा मिळतात. खाद्य दर्जाच्या वनस्पतिजन्य ग्लिसरीनमध्येही अर्क निघतो, फक्त तो सौम्य असतो. बिर्याणीसाठी केवडा जल आणि मिठाईसाठी गुलाबजल वाफेच्या ऊर्ध्वपातनाने निघतात, त्यांना मद्यार्काची गरज नसते. पण ‘इसेन्स’ म्हणून छोट्या बाटलीत मिळणारा केवडा किंवा गुलाब वेगळा, त्याचे घटक वाचावेत.

व्हिनेगरची शंका वारंवार येते, म्हणून थोडक्यात : सिरका, म्हणजे व्हिनेगर, हे उत्तम कालवण आहे, असे हदीसमध्ये आले आहे. गोव्यात माडाच्या ताडीपासून होणारे व्हिनेगर ताडी आपोआप आंबून बनते, तेव्हा मादक अवस्था मागे पडून पदार्थच बदललेला असतो आणि ते सर्व मजहबांत चालते. दारूत काही मिसळून मुद्दाम सिरका केला असेल तर हनफींकडे तो चालतो, शाफईंकडे चालत नाही.

रम किंवा ब्रँडीच्या चवीचे, पण मद्यार्कविरहित कृत्रिम इसेन्स विकत घ्यावे का? इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २००३ च्या फतव्यात हराम वस्तूची चव किंवा वास आणणारे पदार्थ मान्य केलेले नाहीत. मला हा निर्णय योग्य वाटतो. मुलांना ज्याची चव आवडायला नको, ती चव घरात आणण्याचे कारण नाही.

सहावी पायरी : मुफ्तींकडे कसे जावे

प्रश्न लेखी न्यावा आणि त्यात आपला मजहब, पदार्थाचे नाव, द्रावक, त्याचा स्रोत, तयार पदार्थातील टक्केवारी, पर्याय उपलब्ध आहे की नाही, आणि आपण तो खाणार आहोत की विकणार आहोत, हे सर्व लिहावे. शेवटची बाब महत्त्वाची, कारण विकणारा दुसऱ्यांच्या विश्वासाची जबाबदारी घेत असतो. कंपनीचे उत्तर आले असेल तर त्याची प्रत जोडावी. उत्तर आल्यावर मनासारखे नाही म्हणून दुसऱ्या, मग तिसऱ्या मुफ्तींकडे जाऊ नये. हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि या दोहोंच्या मध्ये संशयास्पद गोष्टी आहेत, ही बुखारी व मुस्लिममधील हदीस संशयाची वस्तू सोडून देण्याची मोकळीक प्रत्येकाला देते. पण स्वतः सोडणे आणि दुसऱ्याच्या ताटाला हराम ठरवणे यांत फरक आहे. पाहुणे म्हणून गेलेल्या मुस्लिम घरी केक पुढे आला तर इसेन्सची चौकशी करत बसू नये.

जे घरून केक विकतात, त्यांच्यासाठी शेवटचे : ग्राहक शाफई आहे की हनफी, हे तुम्हाला ठाऊक नसते. म्हणून शक्य असेल तेथे मद्यार्कविरहित इसेन्सच वापरावे आणि मद्यार्क असलेला अर्क वापरला असेल तर ऑर्डर घेतानाच तसे सांगावे, त्याचे प्रमाण व स्रोतही सांगावा, म्हणजे घ्यावे की नाही हे ग्राहक आपल्या मजहबाप्रमाणे ठरवू शकेल.